मेतकूट-भाताची धिरडी

पळीवाढी

मऊ भात, मेतकूट, साजूक तूप, मीठ. तापातून उठलेला असो, रात्री उशिरा गाडीतून उतरलेला असो, नाहीतर नुसताच पावसाने कंटाळलेला असो, आपल्याकडे या ताटाला तोड नाही. आणि हा भात उरतोच. मोकळा भात मोजून लावता येतो, मऊ भात कुणालाच मोजून लावता आलेला नाही. उरलेल्याचा फोडणीचा भातही होत नाही, शितं मोडलेली असतात, कढईत नुसता गोळा होतो. म्हणून धिरडी. सोबतीची मंडळी तीच, फक्त कड कुरकुरीत आणि आत तोच मऊ भात.

साहित्य: दोन वाट्या मऊ भात (इंद्रायणी किंवा आंबेमोहर), अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी डाळीचं पीठ, तीन पोह्याचे चमचे मेतकूट, अर्धी वाटी आंबट ताक, दोन हिरव्या मिरच्या व पेरभर आलं ठेचून, जिरं, चिमूटभर हिंग, कोथिंबीर, मीठ. वरून सोडायला तूप. मध्यम आकाराची सात-आठ होतात. हळद घालायची नाही, मेतकुटात असते.

भात गरम असतानाच डावाने घोटून घ्या. फ्रिजमधला असेल तर चार चमचे उकळतं पाणी शिंपडून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग घोटा. त्यात ताक, मग पिठं, मग बाकीचं. लागेल तसं पाणी घालून पीठ पळीवाढं करा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. ही वीस मिनिटं गाळू नका, कोरडं पीठ भातातलं पाणी ओढून घेतं आणि पीठ पुन्हा घट्ट होतं. तव्यावर टाकायच्या आधी परत पळीवाढं करून घ्यायचं.

तवा जाड हवा. चांगला तापवून मग आच मध्यम. एक पळी पीठ घालून पळीच्या बुडाने हलक्या हाताने पसरा. घावनासारखं पातळ जाणार नाही, जायलाही नको. कडेने तूप, वर झाकण. दोन-तीन मिनिटांनी वरचा ओला रंग गेला की झाकण काढा आणि कड सुटेपर्यंत थांबा. मग उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता.

खायला तळणीची मिरची कुस्करून घातलेलं दही, लिंबाचं लोणचं, पोह्याचा पापड.

---

सांडगी_मिरची

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! तळणीची मिरची म्हटल्यावर मी आलेच. पण फोटो कुठाय? फोटोशिवाय पाककृती फाऊल धरतात.

---

पळीवाढी

@सांडगी_मिरची, पहिलं धिरडं मुलाने तव्यावरूनच उचललं. उरलेल्यांचा फोटो काढायला कुणी थांबलं नाही.

---

नानाकाका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मऊ भाताचं सगळं सुख तो मऊ असण्यात आहे. वाफ निघतेय, तूप वितळतंय, बोटांनी कालवायचा, वर मेतकूट भुरभुरायचं. तो तव्यावर टाकून कुरकुरीत करायचा म्हणजे केलेलं सगळं मोडायचं. आणि मेतकूट एकदा भाजून दळलेलं असतं. त्याला पुन्हा आच दाखवायची नसते, हे आमच्या घरी लहान पोरालाही माहीत होतं.

उरलेल्या भाताची धिरडी करा की. त्यात मेतकूट कशाला?

---

देशावरची

काकांना अर्धं अनुमोदन. मेतकुटात मेथ्या असतात. एकदा भाजलेल्या मेथ्या तव्यावर दुसऱ्यांदा तापल्या की कडवट होतात, आणि कडेला तूप सोडलेल्या जागी तर जास्तच. आज करून बघितली. आतला भाग छान लागला, कडा किंचित कडू.

त्यामुळे माझी सुचवणी: पिठात मेतकूट एकच चमचा, वासापुरतं. बाकीचं धिरडं ताटात आल्यावर वरून, तुपाबरोबर. गरम धिरड्यावर तूप, त्यावर मेतकूट, घडी घालायची. मग काकांचं मेतकूटही वाचतं आणि धिरडंही.

---

पळीवाढी

@देशावरची ताई, हे एकदम पटलं. मी घरचं मेतकूट वापरते, त्यात मेथ्या अगदी नावाला असतात, म्हणून मला कडू लागत नव्हतं. विकतच्या मेतकुटात मेथीचं प्रमाण दर पुड्याला वेगळं. विकतचं वापरणाऱ्यांनी ताईंचं ऐकावं.

@नानाकाका, राग कसला. पण मऊपणा जात नाही हो. धिरडं अर्ध्या बोटाएवढं जाड ठेवलं तर आत भात भातच राहतो. पातळ केलं की मात्र तुमचं म्हणणं खरं.

---

होस्टेलकर

माझी तुटली. म्हणजे तुटली असं नाही, उलटताना तव्यावरच त्यांची भुर्जी झाली. डाळीचं पीठ नव्हतं म्हणून त्याजागी मेतकूटच जास्त घातलं. तेही डाळींचंच असतं ना? तांदळाचं पीठ नव्हतं, ते गाळलं. भात बासमतीचा, मेसमधून आणलेला. भुर्जी मात्र सगळी संपली, रूममेट अजून मागतोय.

---

रसायनी

@होस्टेलकर, मग घातलंत तरी काय!

यामागचं कारण सांगतो, कारण पुढे येणाऱ्या सगळ्या तक्रारी इथूनच येणार आहेत.

भातातलं पिष्ट शिजताना पाणी पिऊन फुगलेलं असतं. तांदळाच्या पिष्टासाठी हे साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होतं. एकदा फुगून गेलेलं पिष्ट तव्यावर पुन्हा तेच काम करू शकत नाही. त्यात घोटून थोडा चिकटपणा येतो, पण उलटताना धिरडं धरून ठेवण्याइतका नाही. धरून ठेवायला कच्चं पीठ लागतं. ते तव्यावर पहिल्यांदाच शिजतं, आजूबाजूचं पाणी ओढतं आणि भातकणांना जागेवर बांधतं. डाळीच्या पिठातली प्रथिनं तापून घट्ट होतात, त्यांची मदत वेगळी.

मेतकूट डाळींचंच, पण भाजलेल्या डाळींचं. प्रथिनांचं घट्ट होणं भाजतानाच बरंचसं उरकलेलं असतं. त्यामुळे मेतकूट चवीला घ्या, बांधायला घेऊ नका. भाजणीचीही हीच गोष्ट. थालीपीठ थापताना तडे जातात, म्हणून त्यात कांदा आणि कोमट पाणी घालून मळतात आणि हाताने थापतात. भाजणीचं पीठ पळीने ओतून धिरडं करायला गेलं तर कच्च्या पिठाची जोड लागतेच.

आता बासमती. लांब दाण्याच्या, मोकळ्या शिजणाऱ्या तांदळात अमायलोज (पिष्टातला कमी चिकट घटक) जास्त. थंड झाल्यावर असं पिष्ट पुन्हा कडक बांधणी धरतं, म्हणून सकाळचा बासमती संध्याकाळी टोचतो. घोटला तरी कण राहतात. इंद्रायणी त्या मानाने चिकट, तो पटकन एकजीव होतो. बासमतीच असेल तर जास्त पाणी घालून पुन्हा एक वाफ काढा, गरम घोटा आणि कच्चं पीठ दीडपट करा.

---

बिडाचा_तवा

रसायनी साहेबांनी पिठाचं सांगितलं, मी तव्याचं सांगते. आम्ही कोकणातले, घावनावर वाढलेले.

नॉनस्टिक तव्यावर धिरडं सुटतं, पण कड येत नाही. कड हवी तर बिडाचा तवा. आणि तो घावनाचा म्हणून वेगळा. त्यावर पोळ्या भाजायच्या नाहीत, साबणाने खसाखसा घासायचा नाही. पोळीने तवा कोरडा पडतो, मग पुढची दोन घावनं फाटलीच म्हणून समजा. तेल लावायला अर्धा चिरलेला कांदा किंवा वांग्याचं देठ. आमच्याकडे नारळाच्या शेंडीची कुंची असायची. चमच्याने ओतलेलं तेल एका जागी साचतं आणि तिथे पीठ धरत नाही, सरकतं.

तवा तापला हे कसं ओळखायचं? पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब पसरून नुसते सुकले तर अजून वेळ आहे. नाचत गोळ्या होऊन पळाले तर जास्त तापलाय, आच कमी करून तव्यावर कांदा फिरवा. चुर्र होऊन लगेच उडाले की टाका पहिलं.

अजून एक. घाई करून कालथा खुपसू नका. ते सुटायचं तेव्हा आपण होऊन सुटतं. न सुटलेल्याला खरवडलंत तर कड तव्याला राहते आणि भात कालथ्यावर येतो.

---

रसायनी

@बिडाचा_तवा, तुमच्या शेवटच्या वाक्याला शास्त्राचा पाठिंबा. खालच्या थरात पाणी आहे तोवर तो थर शंभर अंशांच्या पुढे जात नाही. पाणी उडालं की तापमान चढतं, १४० च्या आसपास बदामी रंग धरू लागतो, कवच तयार होतं आणि ते तवा सोडतं. म्हणूनच झाकण अर्ध्यातच काढायचं. शेवटपर्यंत झाकलं तर वाफ परत धिरड्यावर पडते आणि सगळं गिच्च होतं.

---

खान्देशी_ठसका

मेतकूट-भात हे पुण्याकडचं प्रकरण. आमच्याकडे मायेचं जेवण म्हणजे तूरडाळीची खिचडी. रात्री खिचडी, वरून लसूण आणि लाल मिरची कडकडून तळलेलं तेल, सोबत पापड. आठवड्यातून एकदा तरी होतेच, आणि सकाळी पातेल्यात घट्ट वडी उरते.

तिची धिरडी याच पद्धतीने केली. खिचडीत डाळ असतेच, म्हणून डाळीचं पीठ नाही घातलं, ज्वारीचं पीठ घातलं. ताक नाही. ठेचलेला लसूण भरपूर. तुपाऐवजी ते लसणीचं तेलच कडेने सोडलं. घरभर ठसका! शेजारणीने दार वाजवून विचारलं काय चाललंय म्हणून.

मेतकूटवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण ही जास्त चांगली लागतात.

---

नानाकाका

बघा, खिचडीचं मी समजू शकतो. खिचडी मुळात तिखटामिठाची, दुसऱ्या दिवशी तिला नवा जन्म देता येतो. मेतकूट-भात तसा नाही.

---

सांडगी_मिरची

काका, तुम्ही करून बघितलीत का पण?

---

नानाकाका

नाही.

---

बडोदेकरीण

काकांचं उत्तर वाचून हसत सुटले.

बडोद्याला आमच्या मराठी घरांत दोन्हीकडचं चालतं. डाळीच्या पिठाचे पुडले शेजारच्या गुजराती बेनकडून शिकलेले. उरलेल्या भाताचे मुठिये वाफवून, वघारलेले (फोडणी दिलेले) किंवा ताकात सोडलेले, तेही तिकडूनच. त्यामुळे उरलेला भात पिठात घालायचा यात आम्हाला नवल नाही. मी तुमच्या धिरड्यात किसलेला दुधी पिळून घातला आणि वरच्या ओल्या बाजूवर तीळ पेरून मग उलटलं. हांडवोची, म्हणजे डाळ-तांदळाच्या जाड गुजराती तिखटमिठाच्या केकची, आठवण आली. दुध्याचं पिळून निघालेलं पाणी टाकू नका, पीठ सैल करायला तेच वापरा.

थोडी साखर घातली. हे वाचून कोणी मारायला येऊ नये.

---

खान्देशी_ठसका

साखर?!

---

र्‍हाईनकाठ

जर्मनीतून. इथे इंद्रायणी मिळतो भारतीय दुकानात, पण भाव बघून हात मागे येतो. इथल्या कुठल्याही साध्या सुपरमार्केटमध्ये ‘मिल्शराइस’ नावाचा गोल दाण्याचा तांदूळ असतो. तो लोक दुधात शिजवून गोड खातात, सफरचंदाच्या गरासोबत नाहीतर दालचिनी-साखर पेरून. आपला मऊ भात त्याचा फार छान होतो. चारपट पाणी, मंद आच, मधूनमधून ढवळायचं. सुवास आंबेमोहराचा नाही हे मान्य, पण पोत तंतोतंत.

त्याचीच धिरडी केली. इथे किसलेल्या बटाट्याची धिरडी नाताळच्या बाजारात मोठ्या तव्यावर भरपूर तेलात तळून देतात, पुन्हा सफरचंदाच्या गरासोबतच. ते बघून मी मेतकूट-धिरड्यासोबत सफरचंदाचा गर घेऊन बघितला. नवऱ्याने लोणचं घेतलं. लोणचं जिंकलं.

एक अडचण: काचेच्या सपाट शेगडीवर माझा भारतातून आणलेला तवा नीट बसत नाही, बूड किंचित गोल आहे. मधे करपतं, कडेला कच्चं. उपाय?

---

बिडाचा_तवा

@र्‍हाईनकाठ, त्या शेगडीवर सपाट बुडाचंच भांडं लागेल. तिकडे बिडाची जड तळणी मिळते ना, तीच घ्या, आपल्या बिडाच्या तव्यापेक्षा जाड असते. फक्त तापायला वेळ लागतो, सुरुवातीपासून मोठी आच लावू नका. मध्यमवर सात-आठ मिनिटं तापू द्या. आणि जड भांडं त्या काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.

---

पेजेचो_मोगी

गोंयांतून नमस्कार. मराठीत लिहितो, चुका पोटात घाला.

आमच्याकडे हा मान पेजेचा. उकड्या तांदळाची पेज, सकाळी दहा-अकरा वाजता, चेपणीच्या तोराबरोबर (तोर म्हणजे मिठात मुरवलेली छोटी कैरी). उरलेल्या पेजेतले तांदूळ घेऊन मी धिरडी केली. उकडा तांदूळ डावाने घोटून मोडत नाही, तो उकडून वाळवलेला, दाणा चिवट. मिक्सरमध्ये पेजेच्याच पाण्यात फिरवावा लागला, तोही अर्धवट. थोडे अख्खे दाणे राहू दिले, ते दाताखाली चांगले लागतात. ताकाऐवजी नारळाचा रस, थोडं ओलं खोबरं, हिरवी मिरची. मेतकूट घरात नव्हतं, घालणार पण नव्हतो.

बरोबर तोर बारीक चिरून, खोबरेल तेलाचे दोन थेंब. नानाकाका, तुम्ही हे जरूर करा, यात तुमचं काही मोडत नाही.

---

आजीची_पणती

एक प्रश्न. रात्रीचा भात ओट्यावरच राहिला होता, सकाळी वास वगैरे काही नव्हता. धिरडी करायची म्हणजे तव्यावर भाजलंच जाणार, मग चालेल ना?

---

रसायनी

नाही. हे जरा ठासून लिहितो.

तांदळात ‘बॅसिलस सेरेअस’ नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजतो तेव्हा ते मरत नाहीत. कोमट भात तासन् तास बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतले काही प्रकार एक विष तयार करतात ज्याने उलट्या होतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. उकळा, भाजा, तळा, जागचं हलत नाही. वासही येत नाही. म्हणजे ‘भाजलंच जाणार’ या भरवशावर काही ठेवू नका.

भात उरणार हे दिसलं की पसरट थाळीत काढा, लवकर निवेल. तासाभरात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवा. कुकरमध्येच ठेवला तर मधला गोळा तासन् तास कोमट राहतो, तीच सगळ्यात वाईट जागा.

---

नानाकाका

आमच्या आजीने आयुष्यभर सकाळी शिळा भात खाल्ला, आणि पंच्याण्णव वर्षं जगली.

---

रसायनी

काका, ताकात कालवून ठेवलेला का? आंबट ताकात बुडवलेल्या भाताची आम्लता वाढते आणि असल्या जीवाणूंना वाढायला अवघड जातं. तेव्हाचा भात चुलीवरून उतरला की निवायचाही लवकर, वेळलेला (पेज काढून टाकलेला) असला तर आणखीनच. कुकरमध्ये झाकून राहिलेला भात ही वेगळी गोष्ट. आजींना माझा नमस्कार, पण ‘आजीची पणती’ यांनी तो भात टाकून द्यावा.

---

आजीची_पणती

टाकला. (जीव तुटला.) धन्यवाद.

---

देशावरची

धिरड्यासाठी ताजा मऊ भात मुद्दाम लावायलाही काही हरकत नाही. उरायची वाट कशाला बघायची? एक वाटी तांदूळ, साडेतीन-चार वाट्या पाणी, दोनऐवजी चार शिट्ट्या.

---

साखर_कमी

सासूबाईंना मधुमेह आहे. तांदळाऐवजी काय घेता येईल? त्यांना मऊ भात सोडायला सांगितल्यापासून जेवणावरचं मनच उडालंय.

---

देशावरची

@साखर_कमी, ज्वारीच्या कण्या! आमच्याकडे सोलापूर भागात आजारी माणसाला भात नाही, कण्या. ज्वारी भरडून, पाखडून कोंडा काढायचा, उकळत्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायच्या, ताक आणि लसणीची फोडणी. त्याच कण्या निववून घट्ट झाल्या की धिरड्याला भातापेक्षा बऱ्या. ज्वारीत चिकटपणा कमी, म्हणून डाळीचं पीठ पाव वाटीऐवजी अर्धी वाटी घ्या. तांदळाचं पीठ नकोच. सोबत शेंगाचटणी आणि दही.

मात्र कण्या म्हणजे पिष्टच, पोटभर खाऊन साखर वाढणार नाही असं समजू नका. किती खायच्या ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. एकदम भरपूर मेथीची भाजी चिरून घातलीत तर एका धिरड्यात जास्त जेवल्यासारखं वाटतं.

---

साखर_कमी

कण्यांचं ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या मूळच्या बार्शीच्या! मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं की त्या लहानपणी हेच खायच्या. आता त्याच मला शिकवणार आहेत, मी फक्त तव्यापाशी उभी राहायचं.

---

उपास_आहे

भगरीची चालतील का? उद्या चतुर्थी.

---

सांडगी_मिरची

मेतकूट घालून? धने, हिंग, हरभऱ्याची डाळ... गणपतीबाप्पा मोठ्या मनाचे आहेत, पण इतके नसावेत.

---

पळीवाढी

@उपास_आहे, मेतकूट वगळा. शिजलेली भगर, शिंगाड्याचं पीठ, उकडलेला बटाटा कुस्करून, दाण्याचं कूट, मिरची, जिरं. शिंगाड्याचं पीठ कच्चं असतं, ते छान बांधतं. दाण्याच्या आमटीबरोबर खा. कूट जास्त झालं तर तेल सुटून धिरडं तुटतं, दोन चमच्यांच्या वर जाऊ नका.

---

इंद्रायणी_काठ

शेतकऱ्याच्या घरचा म्हणून तांदळाबद्दल दोन ओळी. इंद्रायणी हा आंबेमोहराच्या संकरातून आलेला वाण, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ सालचा. उत्पन्न आंबेमोहरापेक्षा बरंच जास्त, म्हणून मावळात सगळीकडे तोच लागला. जुना आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा पडतो, हाती कमी येतं. खरा आंबेमोहर म्हणून बाजारात जे विकलं जातं ते प्रत्येक वेळी तोच असतं असं नाही, वास घेऊन घ्या.

आणि नवा तांदूळ घेतलात तर पाणी कमी घाला. नवा तांदूळ पाणी कमी पितो, लगेच गिच्च होतो. मऊ भाताला मात्र तोच उत्तम. घरी दिवाळीनंतर नवा भात झोडपून आला की पहिले काही दिवस मऊ भातच असतो. कणी निघते तीही वाया जात नाही, धिरड्याला तर अख्ख्या तांदळापेक्षा कणीच घ्या. स्वस्त पडते आणि घोटायचे कष्ट वाचतात.

---

पळीवाढी

कणीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मूळ कृतीत हे धरा सगळ्यांनी. मेतकूटही आता एकच चमचा पिठात, बाकी वरून.

---

घडीची_पोळी

मी वेगळंच केलं. भात पिठात मिसळलाच नाही. साधी तांदळाची घावनं घातली, गरम मेतकूट-भात तुपात कालवून मधे पसरला, वर तळलेली मिरची चुरून घडी घातली. बाहेर जाळीदार घावन, आत अस्सल मऊ भात. भाताला आच नाही, मेतकुटाला आच नाही.

---

होस्टेलकर

म्हणजे भातात भात?

---

घडीची_पोळी

मसाला डोशात बटाटा चालतो, पावात वडा चालतो, तर घावनात भात का नको?

---

नानाकाका

हे चालेल.

---

सांडगी_मिरची

अहो काका!! तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

---

बिडाचा_तवा

@घडीची_पोळी, कल्पना झकास, पण घावन गार झालं की घडीवर चिरतं. भरायचं असेल तर घावनाच्या पिठात चमचाभर डाळीचं पीठ किंवा थोडा नारळाचा रस घाला, लवचीक राहतं. आणि भात अगदी थोडा, दोन चमचे. जास्त भरलात की वाफेने घावन ओलं पडतं.

---

मेतकूट_माई

सगळे मेतकूट-मेतकूट करताय आणि कृती कुणीच दिली नाही, म्हणून देते. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी तांदूळ, पाव वाटी गहू, दोन चमचे धने, एक चमचा जिरं, पाव चमचा मेथ्या, पाव चमचा मोहरी, सुंठ, हळद, हिंग, दोन सुक्या मिरच्या. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, कोरडं भाजायचं. एकत्र भाजलंत तर जिरं करपेपर्यंत डाळ कच्चीच राहते. मेथ्या शेवटी, तापलेल्या कढईत, आच बंद करून. त्यांचा रंग बदलला की लगेच काढा. गार झाल्यावर बारीक दळून बारीक चाळणीने चाळा. मीठ दळताना घालू नका, ओल धरतं.

उडीद अर्ध्या वाटीच्या वर नको. भातावर घेताना टाळूला चिकटतं.

---

होस्टेलकर

माई, होस्टेलवर कढई नाही. इस्त्रीवर भाजता येईल का?

---

मेतकूट_माई

पत्ता कळव बाळा, डबा पाठवते. इस्त्रीला हात लावू नकोस.

---

खान्देशी_ठसका

मलापण पत्ता विचारा ना कुणीतरी.

---

र्‍हाईनकाठ

तळणी आणली, जड आहे, मनगट दुखतंय. पण कड आली! चौफेर, एकसारखी बदामी. उलटताना कालथा लावलाच नाही, नुसती हलवली तर धिरडं आपणहून सरकलं. पीठ जास्त झालंय, फ्रिजमध्ये उद्यापर्यंत राहील का?

---

पळीवाढी

राहील, पण मीठ आणि कोथिंबीर घातली असेल तर पाणी सुटेल. सकाळी आधी ढवळा, मग चमचाभर तांदळाचं पीठ घाला आणि दहा मिनिटं थांबा. ताक घातल्यामुळे थोडं आंबट होईल, ते चांगलंच लागतं. परवावर मात्र नेऊ नका.